डिझेल फिल्टर बदलला आणि इंजिन चालू होईना: हवा काढण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑइल बदललं, डिझेल फिल्टर नवा बसवला, हात पुसून सेल्फ मारला आणि इंजिन नुसतंच घरघरतंय. किंवा लागलं, मिनिटभर चाललं आणि उचकी लागल्यासारखं करून बंद पडलं. गॅरेजच्या भाषेत याला ‘एअर धरली’ म्हणतात. ट्रॅक्टर, जुनी जीप, पिकअप, शेतातलं पाण्याचं इंजिन आणि नव्या गाड्या या सगळ्यांच्या मालकांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

एअर धरली म्हणजे नक्की काय झालं?

रंगपंचमीची पिचकारी आठवा. पाण्याने पूर्ण भरलेली असेल तर दांडा दाबताक्षणी धार उडते. अर्धी हवा असेल तर दांडा आत जातो, पण धार मरतुकडी येते, कारण आधी हवा दबते. डिझेल पंपाचं काम याच तत्त्वावर चालतं. डिझेल दबत नाही, म्हणून पंपातल्या प्लंजरने (दट्ट्याने) मारलेला धक्का नळीतून जसाच्या तसा नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात नोझल उघडायला साधारण २०० बार दाब लागतो, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट. नळीत हवा असेल तर प्लंजर ती हवाच दाबत बसतो. दाब चढत नाही, नोझल उघडत नाही, सिलिंडरला थेंबही मिळत नाही.

आता प्रमाण बघा. ४० एचपीच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला पूर्ण लोडवर दर ठोक्याला एका सिलिंडरमध्ये जाणारं डिझेल जेमतेम एका थेंबाएवढं असतं. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडासुद्धा एक अख्खा ठोका गिळून टाकायला पुरेसा आहे.

पेट्रोल गाडीला हा ताप का नसतो?

कार्ब्युरेटरच्या वाटीत हवा आपोआप वर निघून जाते. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत टाकीतलाच विजेचा पंप पेट्रोल पुढे ढकलतो आणि वाटेतली हवा इंजेक्टरमधून बाहेर पडते. तिथे दाब कमी असतो, त्यामुळे चार-दोन बुडबुड्यांनी कुणाचं अडत नाही.

कालपर्यंत छान चालत होती. फिल्टर बदलल्यावरच हे का झालं?

कारण फिल्टर बदलताना तुम्ही भरलेलं भांडं काढून रिकामं भांडं लावलं. पावशेर-अर्धा लिटर डिझेलची जागा हवेने घेतली. यात मिस्त्रीची चूक नाही, ती हवा काढली नाही ही चूक. टाकी धुतली, पाइप बदलला, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) उघडला, पाणी काढायचा खालचा नॉब सैल केला, या प्रत्येक वेळी तेच होतं. आणि अर्थात डिझेल संपलं की होतंच. उतारावर तिरका उभा असलेला ट्रॅक्टर टाकीत थोडं डिझेल असतानाही हवा ओढतो, कारण उरलेलं डिझेल नळीच्या तोंडापासून लांब गोळा झालेलं असतं. बांधावर नांगर फिरवताना हा अनुभव अनेकांना आला असेल.

पाना हातात घेण्याआधी काय बघायचं?

आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते. हे न बघता एकाची कृती दुसऱ्यावर केली तर एकीकडे वेळ जातो आणि दुसरीकडे बोट.

इंजिनाच्या कुशीत एक लांबट पंप असेल, त्याच्या डोक्यातून एका ओळीत जितके सिलिंडर तितक्या लोखंडी नळ्या निघून नोझलकडे जात असतील, तर तो इनलाइन पंप. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. आपल्याकडे त्यावर ‘मायको’ हे नाव इतकं वर्षानुवर्षं छापलेलं होतं की कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी जुने मिस्त्री अजून मायको पंपच म्हणतात. ट्रॅक्टर, जुन्या जीप, जुने ट्रक यांत बहुधा हाच.

पंप आखूड, गोल आणि नळ्या त्याच्या एका टोकाभोवती गोलाकार लावलेल्या असतील तर तो रोटरी पंप.

पंपातून निघालेली जाड नळी एका लोखंडी दांड्यात जाते, त्या दांड्यातून प्रत्येक नोझलला नळी जाते आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर विजेच्या वायरीचं सॉकेट आहे, हे दिसलं की कॉमन रेल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कार आणि पिकअप या जातीच्या धरून चाला. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून कडक प्रदूषण नियम लागले, तेव्हापासून त्यांतही कॉमन रेल आला आहे. त्याखालचे बहुतेक ट्रॅक्टर अजून जुन्याच पद्धतीचे.

वायरीचं सॉकेट दिसलं तर खालची इनलाइन पंपाची कृती वाचू नका, थेट कॉमन रेलच्या प्रश्नावर जा.

सामान काय लागेल?

१०-११ पासून १८-१९ पर्यंतचे पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, स्वच्छ फडकं, खाली धरायला कापलेली प्लास्टिकची बाटली आणि नवे कॉपर वॉशर. डोळ्यांना चष्मा, साधा असला तरी चालेल. फडक्याचे धागे सुटणारे नकोत. धागा एकदा पंपात गेला की तो शोधायला पंप उघडावा लागतो.

आणखी एक, टाकीत डिझेल आहे ना ते बघा. हसू नका.

इनलाइन पंपाची हवा काढायची पूर्ण कृती सांगाल?

नियम एकच: टाकीकडून नोझलकडे जायचं, उलटं नाही. मागे हवा ठेवून पुढची काढली तर मागची पुन्हा पुढे येते आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच.

आधी टाकीखालचा कॉक उघडा आहे ना ते बघा. फिल्टर बदलताना तो बंद केलेला असतो आणि विसरला जातो. मग पंपाच्या अंगाला चिकटलेल्या छोट्या फीड पंपावर हँड प्रायमर असतो, म्हणजे काळी किंवा पांढरी गोल मूठ. ती डावीकडे फिरवली की मोकळी होते आणि वर-खाली मारता येते.

पहिल्या फिल्टरच्या माथ्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा. काही फिल्टरवर स्वतंत्र स्क्रू नसतो, तिथे बाहेर जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट (नळीच्या टोकाच्या कड्यातून जाणारा पोकळ बोल्ट) सैल करायचा. आता प्रायमर मारत राहा. आधी काहीच येणार नाही, मग फुर्र फुर्र हवा, मग उसाच्या रसावरच्या फेसासारखं डिझेल आणि शेवटी सलग, काचेसारखी धार. धार सलग झाली की लगेच थांबू नका, आणखी आठ-दहा वेळा मारा. फिल्टरच्या कागदाच्या घड्यांत अडकलेली हवा थोडी उशिराच निघते. आता एका हाताने मूठ दाबून धरलेली असतानाच दुसऱ्या हाताने स्क्रू आवळा. मूठ वर घेताना स्क्रू उघडा राहिला तर तिथूनच हवा परत आत जाऊ शकते. एकट्याचा हात पोचत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बोलवा, या कामाला ज्ञान लागत नाही.

दुसरा फिल्टर असेल तर तिथेही हेच. मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू. तोही सलग धारेला बंद केला की सगळे स्क्रू बंद असताना प्रायमर मारत जा. मूठ हळूहळू कडक लागू लागते. तो कडकपणा म्हणजे नळ्या भरल्याची खूण. मूठ खाली दाबून उजवीकडे फिरवून पक्की बसवा. ती सैल राहिली तर तीच उद्याची हवेची वाट.

इंजिन बंद करायचा स्टॉप नॉब पूर्ण आत आहे ना ते बघा, रेस पूर्ण द्या आणि १० सेकंद सेल्फ मारा. बहुतेक वेळा इथेच काम होतं. आधी एका सिलिंडरवर ठोका, मग अडखळत दुसरा, मग सगळे. लागल्यावर दोन-तीन मिनिटं मध्यम रेसवर चालू द्या. या पद्धतीत जादा डिझेल सतत टाकीत परत जात असतं आणि उरलेसुरले बुडबुडे त्याच्याबरोबर निघून जातात.

नोझलच्या नळ्या सैल कराव्याच लागतात का?

नुसता फिल्टर बदलला असेल तर सहसा नाही. पंपापर्यंत सलग डिझेल आलं असेल तर पुढची नळी पंप स्वतःच भरून घेतो. सगळं करूनही लागत नसेल किंवा डिझेल पूर्ण संपलेलं असेल तर मात्र नोझलकडच्या टोकाचे नट सैल करा. हे नट बहुधा १७ किंवा १९ च्या पान्याचे. अर्धा ते एक आटा पुरे, पूर्ण काढायचा नाही. चारपैकी दोन नळ्या सैल केल्या तरी चालतं. सेल्फ मारला की नटातून आधी फेस आणि मग ठोक्याठोक्याने पिचकारी येते. पिचकारी आली की सेल्फ थांबवून नट आवळा. उरलेल्या सिलिंडरवर इंजिन मध्येच लागलं तर दचकू नका, हात पंख्यापासून लांब ठेवा आणि इंजिन बंद करूनच नट आवळा.

बोट लावून ‘येतंय का’ बघायची सवय अनेकांना असते. ती सोडा. सैल नटातून थेंब येतो, पण नळीला चीर असेल तर तिथून येणारी फवार कातडीच्या आत घुसू शकते. बघायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

प्रायमर मारतोय, पण मुठीला जोरच लागत नाही आणि डिझेलही येत नाही.

मूठ हवेत मारल्यासारखी मोकळी जात असेल तर फीड पंपाकडे डिझेल पोचतच नाही: कॉक बंद, टाकीतली जाळी चोंदलेली, किंवा वाटेत नळी सैल. नळ्या ठीक असतील तर फीड पंपातल्या छोट्या झडपांत कचरा बसलेला असतो. झडप बंदच होत नाही, म्हणून वर ओढलेलं डिझेल खाली परत जातं.

काही ट्रॅक्टरांवर मूठ नसते. इंजिनाच्या बाजूला पडद्याचा फीड पंप आणि त्याला छोटी लिव्हर असते. ही लिव्हर कधीकधी अजिबात काम करत नाही आणि माणूस पंप खराब म्हणून नवा आणतो. पंप चांगला असतो. इंजिन नेमकं अशा जागी थांबलेलं असतं की कॅमने (पंप चालवणाऱ्या फिरत्या उंचवट्याने) पडदा आधीच पूर्ण दाबून धरलेला असतो आणि हाताला दाबायला काही उरलेलंच नसतं. क्षणभर सेल्फ मारून इंजिन थोडं फिरवा, लिव्हरला जीव येतो. ही एक गोष्ट माहीत असली तर तालुक्याची एक खेप वाचते.

रोटरी पंपाला वेगळं काय?

फिल्टरपर्यंत तेच. फिल्टरच्या डोक्यावर दाबायचं बटण किंवा वाटेत रबरी फुगा असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा. पंपावर मात्र प्रकारानुसार फरक पडतो. सीएव्ही-डीपीए जातीच्या पंपावर हवा काढायचे दोन स्क्रू असतात, एक मधल्या अंगावर आणि एक वरच्या गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) घरावर. खालचा आधी, वरचा नंतर. बॉशच्या व्हीई पंपात आतच पात्यांचा छोटा पंप असतो आणि जादा डिझेल वरून परत जातं, त्यामुळे तो बरीचशी हवा स्वतः बाहेर टाकतो. तिथे फुगा मनापासून दाबला की बहुतेक काम होतं.

नव्या, कॉमन रेलच्या गाडीची हवा घरी काढता येते का?

टाकी ते मोठ्या पंपापर्यंतची, म्हणजे कमी दाबाच्या बाजूची, हो. त्यापुढची नाही.

टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागून बारीक गुणगुण ऐकू येते. ती थांबली, किंवा दहा-पंधरा सेकंद झाली, की चावी बंद. असं पाच-सहा वेळा. मग सेल्फ. टाकीत पंप नसलेल्या गाडीत फिल्टरवर किंवा वाटेत हाताचा प्रायमर असतो, तो कडक होईपर्यंत मारायचा. काही गाड्यांत हे दोन्ही नसतं आणि स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. मॅन्युअलमध्ये ‘फिल्टर बदलणे’ या पानावर ते लिहिलेलं असतं. गाडीसोबत आलेलं ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात विम्याच्या कागदांखाली सापडेल.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, रेल आणि नोझलच्या नळ्यांचे नट सैल करायचे नाहीत, सेल्फ मारताना तर नाहीच. जुन्या पंपाच्या २०० बारच्या जागी इथे चालू इंजिनात दाब हजार बारच्या पुढे जातो, काही गाड्यांत २,००० पर्यंत. अशी फवार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून घरी जातो. काही तासांनी हात सुजतो आणि बोट गमवायची वेळ येते. असं घडलं तर दुखण्याची वाट न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि ‘जास्त दाबाचं डिझेल आत घुसलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

दुसरी, हा मोठा पंप डिझेलनेच वंगण घेतो. कोरडा असताना सेल्फवर सेल्फ मारत राहिलात तर तो आतून घासला जातो आणि त्याचा बारीक चुरा थेट नोझलमध्ये जातो. मग पंप, रेल, नोझल सगळंच बदलायची वेळ येते. शिवाय रेलमध्ये ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नोझलला उघडायची आज्ञाच देत नाही, त्यामुळे हट्टाने सेल्फ मारून काही मिळतही नाही. आधी प्रायमर, मग सेल्फ.

सेल्फ किती वेळ मारायचा?

एका वेळी १० सेकंद, फार तर १५. मग किमान एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठीच बनलेली असते. तीन-चार प्रयत्नांत ठोका पडला नाही तर हवा अजून आहे असं समजून पुन्हा स्क्रूकडे वळा. बॅटरी संपवून दुसरी आणणारे लोक मी पाहिलेत. दुसरीही संपवतात.

नवा फिल्टर डिझेलने भरून बसवावा की रिकामा?

यावरून गॅरेजमध्ये भांडणं होतात. माझं मत असं: जुन्या यांत्रिक पंपाला भरून बसवायला हरकत नाही, पण भरायचं बाहेरच्या गोलातल्या छोट्या भोकांतून, मधल्या मोठ्या भोकातून नाही. बहुतेक फिल्टरांत बाहेरची भोकं म्हणजे येणाऱ्या मळक्या डिझेलची वाट आणि मधलं भोक म्हणजे गाळून गेलेल्याची. मधून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. कॅनच्या तळाला काय असतं ते कॅन धुतल्याशिवाय कळत नाही. म्हणून कॉमन रेलला सरळ रिकामा बसवा आणि प्रायमरने भरा. चार मिनिटं जास्त जातील.

लागते, चालते, पण रोज सकाळी पुन्हा हवा काढावी लागते. का?

या पानावरचा खरा प्रश्न हा आहे. हवा काढणं सोपं असतं. ती कुठून येते हे शोधायला डोकं लागतं.

इथे टाकी कुठे आहे ते बघा. ट्रॅक्टरची आणि शेतातल्या इंजिनाची टाकी बहुधा पंपापेक्षा उंच असते. डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं. जोड सैल असेल तर तिथून डिझेल टपकतं, म्हणजे चोर स्वतःच सही करून जातो. जीप, कार, ट्रक यांची टाकी खाली असते आणि फीड पंपाला डिझेल ओढून घ्यावं लागतं. टाकी ते फीड पंप या भागात जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा कोरडी ठणठणीत दिसते. आणि रात्रभर गाडी उभी राहिली की तिथून हवा घेत नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. सकाळी लागते ती पंपात उरलेल्या डिझेलवर, आणि ते संपलं की बंद.

माझ्या जुन्या जीपने मला हे शिकवलं. फिल्टर मीच बदलला होता आणि ती खंबाटकी घाटाच्या अलीकडे रात्री तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा हवा काढली, तिन्ही वेळा लागली, तिन्ही वेळा मी स्वतःवर खूश झालो. घरी येऊन फिल्टर उघडला तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग वरच्या बैठकीला चिकटलेली आणि नवीन तिच्यावर बसलेली. दोन रिंगांमधून हवा जात होती. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही.

त्यामुळे शोधताना क्रम असा ठेवा: फिल्टरची रिंग, पाणी काढायचा नॉब, बँजोचे वॉशर, प्रायमरची मूठ आणि मग रबरी पाइप. रबर म्हातारं झालं की क्लिपजवळ बारीक चिरा पडतात, पाइप वाकवल्यावरच दिसतात. तरी सापडलं नाही तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला. मग तो पाइप एकेक जोड मागे सरकवत न्या. बुडबुडे जिथे थांबतात त्याच्या पुढच्याच जोडात चोर आहे.

जोडांना टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून पुढे जातात. टाकीच्या गळतीला साबण लावून गाव गाठायचा ट्रकवाल्यांचा उपाय मला मान्य आहे, पण तो गाव गाठण्यापुरताच.

कॉपर वॉशर प्रत्येक वेळी नवेच हवेत का?

नवे उत्तम, किंमत किरकोळ असते. आडरानात असाल तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून गार करा. दाबून कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ होतं आणि बसतं. त्यावर चर पडलेली असेल तर तो टाकून द्या. आणि बँजो बोल्ट जीव खाऊन आवळू नका. फिल्टरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, त्याचे आटे जातात.

ही हवा नसून दुसरंच काही असेल तर?

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतच नाही. पांढुरका धूर येत असेल तर पोचतंय, पण पेटत नाही. मग हवा विसरा आणि हीटर (थंड सिलिंडर तापवणारे प्लग), बॅटरीचा जोर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) याकडे वळा.

धूर नाही आणि हवाही निघालेली आहे? स्टॉप नॉब ओढलेला राहिला असेल. पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर फिल्टर बदलताना निघाली असेल. फिल्टरच्या आत-बाहेरच्या नळ्या उलट लागल्या असतील, डोक्यावर बाण असतो तो बघा. किंवा टाकीच्या झाकणाचं बारीक भोक मातीने बुजलं असेल. तसं असेल तर झाकण उघडताच ‘स्स’ आवाज येतो आणि गाडी ठीक चालू लागते.

ढकलून किंवा स्प्रे मारून चालू करता येईल का?

ढकलून फार तर सेल्फचं काम होईल, हवा तिथेच राहील. कॉमन रेलला तेही नाही. हवेच्या वाटेत मारायचा ईथरचा स्प्रे हीटर असलेल्या इंजिनात नकोच. तो नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टनचं नुकसान करतो.

शेतातल्या एका सिलिंडरच्या इंजिनाचं कसं?

विहिरीवरचं किर्लोस्कर किंवा त्याच घडणीचं इंजिन म्हणजे हवा काढायची शाळा. टाकी वर असते, प्रायमरची गरजच नाही. कॉक उघडा, फिल्टरचा स्क्रू सैल करा, धार सलग झाली की बंद. मग पंपाचा स्क्रू, तेच. मग डीकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलकं करणारी) लिव्हर उचलून हँडल मारा आणि कान द्या. नोझलमधून ‘कर्र, कर्र’ असा कोरडा आवाज आला की डिझेल नीट फवारलं जातंय. आवाज नसेल तर नोझलचा नट सैल करून पुन्हा हँडल.

सांडलेल्या डिझेलचं काय? डिझेल तर पेट्रोलसारखं पेटत नाही ना?

पेट्रोलसारखं नाही, पण ‘पेटत नाही’ हेही खरं नाही. भारतीय मानकानुसार आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस इतकाच मागितला आहे. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला सावलीतही पारा त्याच्या वर असतो. तापलेल्या सायलेन्सरवर सांडू देऊ नका, काम चालू असताना बिडी नको आणि भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. बाटलीत जमलेलं डिझेल विहिरीजवळ ओतू नका. स्वच्छ असेल तर दाट कापडातून गाळून, दिवसभर निवळू देऊन यांत्रिक पंपाच्या इंजिनाला वापरता येतं. कॉमन रेलच्या टाकीत ते परत टाकू नका.

मिस्त्रीला कधी बोलवायचं?

कृती दोनदा नीट करूनही ठोका पडत नसेल, डिझेलमध्ये चकचकीत कण दिसत असतील किंवा कॉमन रेलमध्ये प्रायमर कडक होऊनही इंजिन लागत नसेल तेव्हा. फोनवर ‘गाडी लागत नाही’ एवढंच सांगू नका. काय बदललं, प्रायमर कडक लागतो की मोकळा, धूर येतो का आणि लागून बंद पडते की लागतच नाही, हे चार शब्द सांगा. योग्य सामान घेऊन येईल.

हाताचा वास जात नाही.

साबणाआधी हात कोरडे असतानाच चमचाभर गोडंतेल आणि साखर चोळा, फडक्याने पुसा, मग कपड्याच्या साबणाने धुवा. नखांतला वास तरी रात्रीच्या जेवणापर्यंत राहतोच, भाकरी दुसऱ्या हाताने मोडा.